भिंतीला सोसेल एवढंच

हल्ली सकाळी दात घासत मी आधी पूर्वेच्या भिंतीपाशी जातो. तिथे हातभर रुंदीचे सात चौकोन लिंपलेत आणि प्रत्येकाखाली खिळ्याने माती-वाळूचं प्रमाण कोरलंय. भिंती आम्ही घरच्यांनीच उभ्या केल्या, चिखलाचे गोळे एकावर एक थापून. आता त्यांच्यावर गिलावा कसला द्यायचा, यावर महिनाभर खल चाललाय.

पहिला चौकोन वावरातल्या काळ्या मातीचा. लिंपला त्या दुपारी गुळगुळीत होता, दुसऱ्या सकाळी त्याच्या भेगेत नख जात होतं. शेजारच्या आजी कुंपणावरून बघून हसल्या. "काळी पिकवायला, राहायला पांढरी. पडक्या घराची माती आणा." मी काळी आणि पांढरी, दोन्ही माती वेगवेगळ्या बरण्यांत पाणी घालून हलवून ठेवल्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसली. काळीचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच. म्हणजे चिकणमाती भरपूर, ती पाणी पिऊन फुगणार आणि वाळताना आक्रसणार. आजींना हे बरणीशिवाय ठाऊक होतं.

मग बाकीचे चौकोन पांढरीचे. वाळू चौपट घातली तिथे भेग एकही नाही, पण तळहात फिरवला की भुकटी हाताला लागते. अडीचपट वाळू, मूठभर गव्हाचा भुसा, थोडं शेण, आणि चार दिवस कुजवलेला चिखल, हा पाचवा चौकोन अजून तरी मुकाट आहे. भुशाची काडी कुठेकुठे वर डोकावते, ती मी उपटत नाही. भेग पुढे सरकू न देण्याचं काम तिचंच आहे.

"सिमेंट मारून मोकळे व्हा," असं मिस्त्री म्हणाला, तेव्हा मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओस इथे मातीचं जुनं चर्च आहे. सततच्या लिंपणाची कटकट नको म्हणून १९६७ साली त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. त्याला तडे गेले, पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायला वाट उरली नाही. आतली माती भिजून ढासळू लागली. शेवटी १९७९ मध्ये तो थर काढून पुन्हा माती लावली. आता तिथली माणसं दर उन्हाळ्यात जमून चर्च लिंपतात. भिंत मऊ आणि वरचा थर कडक, हा संसार टिकत नाही.

अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावाही मातीचाच, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. तो शतकानुशतकं टिकला, असं मी घरात ऐटीत सांगितलं. "तिथे पाऊस लागत नाही," बायको म्हणाली. बरोबरच आहे. म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात इतकी वळचण आधी वाढवली. गिलाव्याचं निम्मं आयुष्य तिथेच ठरतं, असं माझं मत झालंय.

आज पाचव्या चौकोनावर तांब्याने पाणी ओतून बघणार आहे. तुमचंही मातीचं घर असेल, तर सिमेंटची गोणी फोडण्याआधी हातभर चौकोन लिंपा आणि आठवडाभर रोज सकाळी त्याच्याकडे बघा.