कणगीतलं बियाणं

सूर्या नदीच्या काठी, कवडास बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या एका घरात आजा आणि त्याचा तरणा नातू राहायचे. घरात भाताचा एक मोठा कणगा होता आणि कोपऱ्यात एक लहान कणगी. कणग्यातलं भात वर्षभर कांडून खायचं. कणगीला मात्र कोणी हात लावायचं नाही. दिवाळीनंतर झोडणी झाली की आजा सगळ्यांत आधी टपोऱ्या लोंब्यांचं भात निवडायचा, वाळवायचा, त्यात निरगुडीचा पाला घालायचा आणि कणगीचं तोंड शेणानं लिंपून टाकायचा. ते तोंड उघडायचं थेट मृगाच्या पावसाला.

हिवाळ्यात दातिवऱ्याहून एक मासळीवाली मावशी डोक्यावर टोपली घेऊन पाड्यावर यायची. सुकट, बोंबील द्यायची आणि भात घेऊन जायची. एका वर्षी ती म्हणाली, "दादा, भावाचा खाजणाकाठी उंचावर तुकडा आहे. तुझं हे भात पेरून बघतो म्हणाला." आज्यानं कणगी लिंपण्याआधी दोन पायल्या बियाणं काढून तिच्या टोपलीत ओतलं. बदल्यात काही घेतलं नाही.

नातवाला ते आवडलं नाही. "आजा, घरातलं चांगलं बियाणं खाडीकडे घालवलंस. वायाच गेलं की."

आजा नुसता हसला.

पुढे नातू शिकला आणि बोईसरला एका कंत्राटदाराच्या कचेरीत लागला. पाण्याच्या योजनांचे नकाशे आणि मोजणीचे कागद सांभाळणं हे त्याचं काम. हप्त्यावर मोटारसायकल आली. वैशाखात घरी आला, तेव्हा ओटीवर बसून तो उत्साहानं सांगू लागला, "आजा, आपल्या जिल्ह्यातलं किती पाणी दर पावसाळ्यात समुद्रात वाया जातं! आता ते अडवायचं, वळवायचं. वरच्या बाजूला दमणगंगेच्या खोऱ्यात भूगड आणि खारगीहिल अशी दोन धरणं. तिथून बोगद्यानं पाणी पिंजाळच्या धरणात आणि पिंजाळहून मुंबईला. २०१० सालीच केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांनी अहवाल तयार करण्याचा करार केला होता. एका खोऱ्यात पाणी उरतं, दुसऱ्यात कमी पडतं. उरलेलं तिकडे न्यायचं, एवढंच."

"उरलेलं कोणी ठरवलं?" आज्यानं विचारलं.

"कागदावर हिशेब असतो ना. कोणी वापरत नाही, ते उरलेलं."

आजा गप्प राहिला. त्यानं सूर्येवर धामणीचं धरण होताना पाहिलं होतं. हे पाणी डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतांसाठी, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. तेच पाणी पुढे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना गेलं, वसई-विरारला गेलं. मग नवी योजना आली, दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची. त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. जाडजूड जलवाहिनी डोंगर पोखरून गेली. कालव्याच्या शेपटाकडचे शेतकरी मात्र आपल्या पाळीची वाट बघत राहिले.

त्याच महिन्यात नातवाचा मोटारसायकलीचा हप्ता थकला. आजा रानात गेला होता. नातवाची नजर कोपऱ्यातल्या कणगीवर गेली. सहा महिने तिला कोणी हात लावला नव्हता. कणग्यात खायला भात होतं, मग हे उरलेलंच. त्यानं लिंपण फोडलं, भात पोत्यात भरलं आणि गिरणीवर विकून टाकलं. रिकाम्या कणगीचं तोंड पुन्हा शेणानं लिंपून ठेवलं.

मृग बरसला. राब भाजून तयार होता, माती ओली झाली होती. आज्यानं कणगीचं लिंपण फोडलं आणि आत हात घातला. हाताला तळाचा बांबू लागला.

नातू खाली मान घालून उभा राहिला. "मला वाटलं, नुसतं पडून आहे. उरलेलं आहे."

आजा बराच वेळ कणगीच्या काठावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "पडून होतं, पोरा, पण उरलेलं नव्हतं. माझ्या बापाच्या बापानं हे वाण राखलं होतं. दुकानात भात मिळेल, हे भात मिळणार नाही."

नातू शेजारच्या पाड्यांवर फिरला. ते वाण कोणाकडेच उरलं नव्हतं. तेव्हा त्याला दातिवऱ्याची टोपली आठवली.

सफाळ्याहून तो दातिवऱ्याला गेला. सूर्या ज्या वैतरणेला मिळते, तिच्या मुखाशी. पलीकडे अर्नाळा दिसत होता. मावशी अंगणात जाळं शिवत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. ती उठली, आत गेली आणि मडक्यातून दोन पायल्या भात घेऊन आली. "भाऊ दर साल पेरतो, दर साल राखतो. घेऊन जा."

नातवाच्या डोळ्यांत पाणी आलं. जे वाया गेलं असं तो म्हणाला होता, तेच आज घर वाचवायला परत येत होतं.

तेवढ्यात खाडीवर वरचं लोंढ्याचं पाणी आलं. गढूळ, तांबूस, पानं-काटक्यांसह. मावशीनं तिकडे बोट केलं. "बघ, नदी आली. हे गोडं पाणी आलं की मासळीला कळतं. वलगण चढते ती ह्याच पाण्याच्या वासावर. लहानगी कोळंबी तिवरांच्या मुळांत ह्याच गाळावर वाढते. गोडं पाणी कमी आलं की खार आत सरकतो, भावाच्या विहिरीपर्यंत येतो. माझ्या सासूच्या डोल-जाळ्यात जेवढं यायचं, तेवढं माझ्या जाळ्यात येत नाही."

"कारखान्यांच्या पाण्यानं असेल, मावशी. मोठ्या बोटींमुळे असेल."

"तेही आहेच. पण आजारी माणसाचं पाणीसुद्धा तोडलं, तर तो उठेल कसा?"

नातू काठावर उभा राहिला. कचेरीतल्या नकाशावर निळी रेघ इथे येऊन संपायची आणि पुढे लिहिलेलं असायचं 'समुद्रास जाणारे अतिरिक्त पाणी'. त्या रेघेच्या टोकाशी मावशीचं अंगण होतं, तिवरं होती, तिच्या भावाची विहीर होती. त्यातलं काहीच नकाशावर नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं राबावर ते भात पेरलं. रात्री आज्याला विचारलं, "मग शहरातल्या माणसांनी प्यायचं काय? तहान तर त्यांनाही आहे."

"तहानलेल्याला नाही म्हणू नये," आजा म्हणाला. "पण वाटणीला क्रम असतो. आधी बियाणं बाजूला. मग घरच्यांचं पोट. मग दारी आलेल्याचं. राहील ते बाजारात. तू क्रम उलटा केलास, म्हणून कणगी रिकामी झाली."

ही गोष्ट इथे संपते, पण वैतरणेची गोष्ट चालूच आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत उगवणारी ही नदी मुंबईची तहान भागवते. खोऱ्यातल्या तानसा नदीवर १८९२ साली धरण झालं. खुद्द वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली अप्पर वैतरणा आणि पालघर जिल्हा झाला त्याच २०१४ साली मध्य वैतरणा कामाला लागलं. आणि त्याच डोंगरांत, मोखाड्याच्या पाड्यांवर, उन्हाळ्यात आजही टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. बियाणं बाजूला काढलं नाही आणि घरच्यांना वाढलंही नाही. क्रम उलटाच राहिला.

क्रम पुरता उलटला की काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. मध्य आशियात अमू आणि सीर या दोन नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं. १९६० च्या सुमारास जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर असलेला अरल समुद्र काही दशकांत बहुतांश आटला. मुइनाक या बंदरात आता गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत. कापूस पिकला, पण मासळी गेली आणि उघड्या पडलेल्या तळाची खारट धूळ वाऱ्यावर उडून शेतांवर बसू लागली.

नदीतून समुद्राला जाणारं पाणी हे नदीचं बियाणं आहे. त्यावर मासळी, खाजणं, गोड्या विहिरी आणि पुढच्या पिढ्यांची पोटं पिकतात. म्हणून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पाणी नेण्याआधी नदीचा वाहता वाटा बाजूला काढून ठेवा. मग काठच्या पाड्यांना आणि शेतांना त्यांचं द्या. शहरांनी आणि कारखान्यांनी गळती थांबवावी, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावं, आपल्या छपरावरचा पाऊस साठवावा. त्यानंतरही तहान राहिली, तर नदीकाठच्या माणसांना विचारून मागावं.

कणगी फोडून खाल्लेलं एक वर्ष पुरतं. राखलेलं बियाणं पिढ्यान्‌पिढ्या पुरतं.