भोळा कोणाला म्हणायचं?

आपल्या दत्तभक्तांच्या बोलण्यात ‘भोळा’ हा शब्द फार येतो. भोळा भाव, भोळा भक्त, भोळा सांब. कीर्तनकार तो उच्चारतात तेव्हा माना डोलतात. देवळाची पायरी उतरून घरी आलो की मात्र तोच शब्द वेगळा लागतो. ‘‘धाकटा फार भोळा आहे हो, कोणीही फसवील त्याला.’’ म्हणजे देवळात भूषण, घरात काळजी, आणि बाजारात तर चक्क बावळट! मी कॉमर्सचा माणूस, जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. एकाच मालाचे तीन भाव दिसले की मला माल पुन्हा तपासावासा वाटतो.

काउंटरवर ‘निशाणी डावा अंगठा’ करणारे खातेदार पुष्कळ येत. त्यांच्या पासबुकाला फोटो असे, चेकबुक सहसा मिळत नसे, पैसे काढायला स्वतःच यावं लागे. एकदा एक म्हातारी पुतण्याला घेऊन आली. पुतण्या म्हणाला, ‘‘साहेब, काकू भोळी आहे, पैसे माझ्याकडेच द्या.’’ म्हातारीने जाळीतून हात पुढे केला. ‘‘भोळी हाय ना मी? मग माझ्याच हातात द्या. वाटेत हिशेब चुकाय नको.’’ नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि गेली. अक्षरओळख नसणं म्हणजे भोळेपण नव्हे, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

तर अडाणी वेगळा, भोळा वेगळा. आणि वेड पांघरून पेडगावला जाणारा तर तिसराच. त्याच्याबद्दल इथे बोलायला नको, तो प्रत्येक सोसायटीत एकेक असतोच.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यात एक बालक आहे. मान-अपमान नाही, घरादाराची चिंता नाही. पण तिथेच अवधूत एक बारीक गोष्ट सांगून जातात: निश्चिंत असे दोघेच, एक काहीच न कळणारं मूल आणि दुसरा गुणांच्या पलीकडे गेलेला. दोघे बाहेरून सारखेच दिसतात. पण एकाला अजून काही कळलेलं नसतं, दुसऱ्याला सगळं कळून झालेलं असतं. आपण ‘भोळा’ म्हणतो ते नेमकं कोणाला?

उत्तर मला गुरुचरित्राच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात सापडतं. सप्ताहात हा अध्याय शेवटच्या दिवशी येतो. त्या दिवशी नैवेद्याची घाई, ब्राह्मण-सवाष्ण जेवायला यायची असते, त्यामुळे वाचन जरा भराभर होतं. गाणगापूरचा तो शेतकरी. महाराजांनी सांगितलं, उभं पीक कापून टाक. जोंधळा अजून हिरवा. हा निघाला. बायकामुलं रडली, लोकांनी वेड्यात काढलं. आपण म्हणतो, काय भोळा भाव! खरंच आहे. पण कापायच्या आधी त्याने काय केलं ते बघा. तो आधी शेताच्या अधिकाऱ्याकडे गेला, मागल्या वर्षाच्या दुप्पट धान्य देईन असं कबूल केलं, लिहून दिलं. मग विळा घेतला. नुकसान झालं असतं तर त्याचं स्वतःचं झालं असतं, मालकाचं दाणाभर नाही. पुढे गारठ्याने आसपासची पिकं गेली, याचं शेत पावसाने पुन्हा फुटून आलं, हे आपण सगळे जाणतोच. मला चमत्काराइतकाच तो करारही मोठा वाटतो. ज्याला दुसऱ्याचं देणं इतकं नीट कळतं तो अडाणी कसा? हिशेब त्याला येत होता. फक्त गुरूच्या शब्दापुढे स्वतःचा फायदा-तोटा त्याने मांडला नाही.

म्हणून मला दुसऱ्याच एका ठिकाणी हा शब्द टोचतो. वडील गेले, वाटणीचे कागद निघाले, की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘‘ताई आमची भोळी, तिला काही नको.’’ महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर ‘‘कुठे सही करू?’’ एवढंच विचारणाऱ्या बहिणी मी टेबलासमोर पाहिल्या आहेत. कागद वाचलेला नसतो, कोणी वाचून दाखवलेलाही नसतो. सगळं समजून, ‘‘भावाला गरज आहे, घेऊ दे त्याला,’’ म्हणून सोडणारीही असते. तिच्यापुढे आपण हात जोडावेत. पण जिला काय सोडतोय हेच सांगितलेलं नाही, तिला भोळी म्हणून कौतुक करणारा स्वतःचीच सोय बघत असतो. शेतकऱ्याने स्वतःचं पीक कापलं होतं, इथे पीक तिचं आणि विळा भावाच्या हातात.

घरात असा कागद यायचा असेल तर सहीआधी तो एकदा मोठ्याने वाचून दाखवा. अंगठा घेताना बँकेतही आम्ही तेवढं करत होतो. दहा मिनिटं लागतात.