वरच्या अंगाचा शेजारी

जामीन राहू नये, हे वीस वर्षे बँकेत काढून मी मिळवलेले एकमेव तत्त्वज्ञान. पण परवा भाच्याने पोलंडचे फोटो दाखवले आणि घात झाला.

सोळाव्या शतकात डच शेतकऱ्यांनी तिथे व्हिस्तुलाकाठच्या पूरजमिनीत गावे वसवली. तोरुनजवळच्या संग्रहालयात त्यांची लाकडी घरे जपली आहेत. माणसे, गुरे, गवत एकाच छपराखाली; पण नदीकाठी राहती खोली प्रवाहाच्या वरच्या अंगाला, गोठा खालच्या. पुराचे पाणी आधी बैठकीत, मग गोठ्यात. शेण घरात येत नाही! केवढी अक्कल!

पण मग ते शेण जायचे कुठे? खालच्या शेजाऱ्याच्या बैठकीत की हो! आणि शेतांचा खंड भरायला सारे गाव मिळून जबाबदार. एकाने थकवला तर इतरांनी भरायचा. ज्याचे शेण आपल्या दारात, त्यालाच आपण जामीन! अर्थात बांध फुटला तर तो एकट्यापुरता थोडाच फुटतो?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांनी मुलीच्या शिक्षणकर्जाचा फॉर्म दिलाय. त्यांच्या मोरीचे पाणी आमच्या छतातून ठिबकते. फॉर्म आठ दिवस ड्रॉवरमध्ये आहे. काल ती मुलगी प्रवेशाचे पेढे देऊन गेली. मी दोन खाल्ले.

"पेन देऊ का?" बायकोने विचारले.