गाडीचा हप्ता आणि कॉलेजचा अर्ज

कन्हेरी, ता. बारामती
नोव्हेंबर २०२५

चि. बापूस,


फोनवर तुझ्याशी काही बोलायला गेलं की तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस, मागं हॉर्न वाजत असतात आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून पत्र लिहितोय. एका दमात वाचून झालं नाही तर दोनदा बस, पण वाच.

इकडं सगळे खुशाल आहेत. उसाला अजून तोड आली नाही. तोडणीची टोळी वरच्या शिवारात अडकलीय आणि कारखान्याचा चिटबॉय रोज ‘उद्या नक्की’ म्हणतो. मामीनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय, कुणी पुण्याला निघालं की देते. परवा तुझी आई येऊन गेली. दुपारी मारुतीला जाऊन आली आणि ओट्यावर बसून राहिली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तू बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडायचं म्हणतोयस, खाण्याचे डबे पोचवायचं काम पूर्ण वेळ करणार आहेस आणि त्यासाठी नवी गाडी हप्त्यावर घेणार आहेस.

बाळा, कामाची मला लाज वाटत नाही, हे आधी ध्यानात घे. घाम गाळून कमावलेल्या पैशाला या घरानं कधी नाव ठेवलं नाही. महिन्याला तू जे मिळवतोस म्हणतोस, तेवढा पैसा तुझ्या वयात मी बघितलाही नव्हता. पण हे पैसे एकोणीस वर्षांच्या गुडघ्यांचे आणि पाठीचे आहेत. त्यात पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. पावसात गाडी घसरून पाय मोडला तर दोन महिने घरी बसायचं आणि हप्ता मात्र चालूच. तिशी-पस्तिशीतही हेच करणार आहेस का, एवढं तरी स्वतःला विचार. आणि रात्री हेल्मेट घालतोस का रे? तुझी आई मला विचारत होती, मी ‘घालतो’ म्हणून सांगून टाकलं.

तू म्हणशील, डिग्रीवालेही डबेच पोचवतात. पोचवतात, खोटं कशाला बोलू? आपल्या एमआयडीसीतही बी.ए. झालेली पोरं कंत्राटावर आहेत आणि आयटीआय केलेला शेजारचा पोरगा कायम झालाय. डिग्री घेतली म्हणजे कुणी नोकरी घेऊन दारात येत नाही. तुझा जीव वायरिंगमध्ये रमत असता तर मीच तुला आयटीआयला घातला असता. पण तुला आकडे आवडतात. लहानपणी माझ्या मांडीवर बसून उसाच्या बिलातल्या कपाती मोठ्यानं वाचायचास.

आणि काही दारं अशी आहेत, की डिग्री नसेल तर तिथं अर्जसुद्धा घेत नाहीत. पोलीस शिपाई बारावीवर होता येतं, पीएसआय नाही. तलाठ्याला पदवी लागते, बँकेत क्लार्क व्हायचं तरी लागते, राज्यसेवेला तर लागतेच. तुला यातलं काही व्हायचं नसेलही. पण आज नको वाटतं ते पंचविसाव्या वर्षीही नकोच वाटेल, हे तू कशावरून ठरवलंस?

तुझ्या आजोबांची, आबांची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. ते मॅट्रिक झाले तेव्हा कॉलेज म्हणजे पुणं, आणि पुणं म्हणजे खोलीचं भाडं नि खानावळ. ते जमण्यातलं नव्हतं. बारामतीत तुळजाराम चतुरचंद कॉलेज निघालं १९६२ साली. तोवर आबांचं लग्न झालं होतं आणि डोक्यावर बैलजोडीचं कर्ज होतं. कॉलेज हाकेच्या अंतरावर आलं, पण त्यांच्या उपयोगाला आलं नाही. म्हणून मला मात्र त्यांनी सायकल घेऊन दिली आणि सांगितलं, नापास झालास तरी जायचं.

मी काही हुशार नव्हतो, बी.कॉम. काठावर झालो. पण त्या वर्गात धनगरवाडीचा पोरगा, पेठेतल्या व्यापाऱ्याचा पोरगा आणि मी एका बाकावर बसायचो. व्यापाऱ्याचा पोरगा व्याज तोंडी करायचा, आम्ही दोघं तोंडाकडं बघत राहायचो. आमचे एक सर वर्गात सोसायटीचा अहवाल घेऊन यायचे आणि म्हणायचे, यात नफा कुठं आहे ते दाखवा. आम्हाला वाटायचं, ज्याच्याखाली ‘नफा’ छापलंय तोच. तसं नसतं, हे कळायला वर्ष गेलं. छापील कागदाला भ्यायचं नाही, तो उलटसुलट करून बघायचा, एवढं मात्र अंगात भिनलं. मला कॉलेजनं दिलं ते हे. नोकरी नंतर आली, तीही साधीच.

आता हे तुझ्या घरातलंच ऐक. तू पाचवी-सहावीत असशील, तुझ्या वडिलांनी टेम्पो घ्यायचा ठरवला होता. तीन लाखांचं कर्ज, तीन वर्षांची मुदत, व्याज बारा टक्के. एका खासगी फायनान्सवाल्यानं सगळे कागद तयार केले होते, सही तेवढी बाकी होती. दाजींनी कागद मला दाखवले. मी व्याज मांडलं तर ते निघालं १ लाख ८ हजार. म्हणजे फ्लॅट रेट. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पुऱ्या तीन लाखांवरच लागतं. तेच बारा टक्के घटत्या बाकीवर असतील तर तीन वर्षांचं व्याज होतं साधारण ५८ हजार ७००. दोन्हीकडं छापलेलं ‘१२ टक्के’च, फरक एकोणपन्नास हजारांचा! मग आम्ही बँकेत गेलो, चार हेलपाटे जास्त पडले, पण कर्ज घटत्या बाकीवर मिळालं. तुझी दहावीची क्लासची फी त्या वाचलेल्या पैशातून गेली. आईला विचार.

आता तू हप्त्यावर गाडी घेतोयस. व्याज फ्लॅट आहे का घटत्या बाकीवर, विचारलंस? प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हे बघितलंस? तुला दोन वर्षांत हेच शिकवायला घेतलंय रे, आणि ते पुरतं अंगवळणी पडायच्या आत तू उठून चाललास. आडसाली ऊस अकराव्या महिन्यात तोडला तर वजनही मिळत नाही आणि उताराही. तुझं तसंच चाललंय.

आईला तू म्हणालास म्हणे, की नव्या शैक्षणिक धोरणात कधीही सोडता येतं आणि कधीही परत येता येतं. बरंचसं खरं आहे, फक्त ‘कधीही’ नाही, परत यायला मुदत असते. एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी, चौथं केलं तर ऑनर्स, आणि मिळवलेले क्रेडिट खात्यावर जमा राहतात. सोय चांगली आहे. पण बापू, क्रेडिट जमा राहतील, तुझी सवय राहील का? हातात रोजचा पैसा खेळायला लागला, घरात लग्नाची बोलणी निघाली, की पुन्हा बाकावर बसणारा विरळा. आपल्या वाडीतली अशी पोरं तू स्वतः मोजू शकशील. आणि अगदी सोडायचंच असलं तरी दुसरं वर्ष पुरं करून सोड, निदान पदविका तरी हातात पडेल. आत्ता अर्ध्यातून उठलास तर तीही नाही.

पैशाची अडचण असेल तर मोकळं बोल. तुझ्या विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानंच चालते. ज्या माणसानं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, त्यानं पोरांकडून शेतात कष्ट करून घेतले आणि शिकवलंही. म्हणजे कमावणं आणि शिकणं यात भांडण नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडं सिद्ध झालंय. कॉलेजात जाऊन चौकशी कर. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का, तेही बघ. वसतिगृहाच्या निर्वाह भत्त्याची पंजाबराव देशमुख योजना आहे, त्याला वडिलांचे कागद लागतील, ते मी तहसीलमधून काढून देतो. आणि यातलं काहीच जमलं नाही तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. काम करता करता तिथून बी.कॉम. पुरं कर. डबे पोचव, जुन्याच गाडीवर पोचव, संध्याकाळचे चार तास पोचव. पण नाव कुठंतरी नोंदलेलं राहू दे.

पालखीला तू यंदा आला नाहीस. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण, सगळं झालं. तुझ्या आईनं दोनदा मागं वळून रस्त्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. पुढच्या वर्षी ये, निकाल घेऊन ये, कसा का असेना.

मामी म्हणते, जास्त लिहू नका, पोरगं वैतागेल. वैतागलास तर वैताग, मामावर भाच्याचा तेवढा हक्क आहे. गाडीच्या कागदांवर सही करायच्या आधी त्यांचे फोटो मला पाठव, व्याज आपण दोघं मिळून मांडू. आणि या सत्राच्या परीक्षेचा अर्ज मुदतीच्या आत भर. फी मी तुझ्या खात्यावर टाकतो, पावती मामीच्या मोबाईलवर पाठवून दे.

तुझा,
मामा