बदली गडी

जन्म, लग्न आणि मरण या तीन गोष्टी माणसाच्या हातात नसतात, असं शास्त्रकार सांगून गेले. ते शास्त्रकार बँकेत नोकरीला नसावेत. असते तर त्यांनी या यादीत चौथी गोष्ट घातली असती. ती म्हणजे बदली.

आमच्याकडे बदलीचे अर्थ दोन. तुम्हांला उचलून दुसरीकडे टाकतात, ती एक बदली. आणि तुम्ही रजेवर गेलात की तुमच्या खुर्चीवर जो आणून बसवतात, तो दुसरा बदली. पहिल्या बदलीनं माणूस चारचौघांत रडतो. दुसऱ्यानं काम चोख केलं, तर तो एकटाच रडतो. ‘माझ्यावाचून शाखेचं काय होईल?’ या काळजीनं रजा न घेणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. खरी काळजी वेगळीच असते. काहीच झालं नाही तर? हे मला कळलं, पण उशिरा, आणि तेही क्रिकेटमुळे.

शनिवार, १९ डिसेंबर २०२०. स्थळ दिंडोरी. बँक उघडून तास झाला नसेल. करोनाचे दिवस. काउंटरपुढे आखलेल्या गोलांत मास्क लावलेले खातेदार उभे, आणि प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. तिकडे अ‍ॅडलेडला कसोटी चालू होती. १५ धावांवरच आपले चार गडी गेले. एका आजींची पैसे काढायची स्लिप मी पास करतो तोवर आणखी पडझड झाली. एकूण धावा ३६. एकालाही दोन आकडी धावा नाहीत. आमच्या शाखेचं टोकन तेव्हा चाळिसाच्या पुढे गेलं होतं. म्हणजे भारतीय फलंदाजीपेक्षा राष्ट्रीयीकृत बँक जलद चालली, असा तो ऐतिहासिक दिवस.

त्यात शमीच्या हाताला चेंडू लागून तो जायबंदी झाला आणि कप्तान कोहली, आधी ठरल्याप्रमाणे, उरलेले तीन सामने सोडून घरी निघाला. बायकोचं बाळंतपण जवळ आलं होतं.

दुपारी चहाच्या वेळी मागच्या खोलीत खटला उभा राहिला. आरोपी हजर नसल्यामुळे काम झटपट चाललं.

“आमच्या वेळी असं नव्हतं,” आमचे हेडकॅशियर म्हणाले. रिटायरमेंटला आलेले गृहस्थ. गावसकरांचा उल्लेख ते चुलतभावाचा करावा तसा नुसता ‘सुनील’ असा करतात. “१९७६ च्या फेब्रुवारीत रोहन झाला, तेव्हा सुनील न्यूझीलंडात होता. तिथनं तसाच वेस्ट इंडीजला गेला. एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला आपण ४०३ चं आव्हान पार केलं, त्यात सुनीलच्या १०२. दौरा आटोपला, मग पोराचं तोंड पाहिलं! मध्येच घरी आला असता तर झाल्या असत्या का ४०३?”

कर्जाच्या कागदांसाठी आलेले एक द्राक्षबागायतदार मामा चहाला थांबले होते. त्यांनी मुद्दा आमच्या तालुक्यात आणला. “मण्यात पाणी उतरायच्या टायमाला मुकादमच निघाला गावाला. बागेनं काय करायचं?”

“पण मामा, बोर्डानं रजा दिली आहे. बाप झाल्यावर रजा मिळणं हा हक्कच आहे,” आमचा तरुण शेतकी अधिकारी म्हणाला.

“हक्क!” हेडकॅशियरनी तो शब्द फाटक्या नोटेसारखा उजेडाकडे धरून पाहिला.

आता माझी पाळी होती. मी माझी गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी बारा वर्षं सांगत आलो आहे. ३१ मार्च २००९. वार्षिक क्लोजिंग. दुपारी येवल्याहून सासऱ्यांचा फोन, हिला दवाखान्यात नेलंय, या. आणि इकडे शाखेत टॅली जुळत नाही! अठरा रुपयांचा फरक! पण हा गडी जागचा हलला नाही. फरक सापडला, खाती बंद झाली, आणि १ एप्रिलला सकाळी पहिल्या एस.टी.नं जाऊन मुलीचं तोंड पाहिलं. हेडकॅशियरनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की ‘सुनील’नंतर माझाच नंबर असावा.

चहाचे कप गोळा करायला आमच्या शाखेतला पोरगा आला होता. झाडलोट, पाणी, व्हाउचर इकडून तिकडे नेणं, सगळं हाच करतो. सात वर्षं करतो आहे, रोजंदारीवर. तो कप उचलता उचलता हळूच म्हणाला, “साहेब, परत आल्यावर कोहलीची जागा राहील ना?”

“म्हणजे काय! तो कोहली आहे,” मी म्हणालो.

“मग जाईल की,” असं म्हणून तो कप विसळायला गेला. त्याचं बोलणं त्या वेळी कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. रोजंदारीवरच्या माणसाचं मत इतिवृत्तात घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

पुढचा महिना दिंडोरीतल्या थंडीत मी पहाटे पाचला उठत होतो. बरोबर आमची कन्या. शाळा ऑनलाइन असल्यामुळे तिला कुठल्याच वेळेचं बंधन नव्हतं. एका रजईत दोघं बसून मेलबर्न पाहिलं. रहाणे मूळचा संगमनेरकडचा, म्हणजे नाशिककरांच्या हिशेबानं घरचाच. त्यानं कप्तान म्हणून ११२ धावा काढल्या आणि आपण आठ गडी राखून सामना जिंकला. त्या दिवशी चहाच्या खोलीत हेडकॅशियर म्हणाले, “बरंच झालं गेला तो!” दहा दिवसांपूर्वी ज्याच्यावाचून देश बुडणार होता, त्याचं नाव आता कुणी काढेना. आपण प्रेक्षक संघावर प्रेम करतो की माणसांवर, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. माणसांवर करत असू, तर फार स्वस्तातलं करतो.

मग माणसं गळायलाच लागली. उमेश यादवची पोटरी, राहुलचं मनगट, जडेजाचा अंगठा. सिडनीला विहारीचा स्नायू दुखावलेला, अश्विनची पाठ धरलेली, तरी दोघांनी शेवटचा दिवस खेळून काढला आणि सामना वाचवला. ती तारीख ११ जानेवारी २०२१. त्याच दिवशी इकडे कोहलीला मुलगी झाली. एकाच दिवशी एक तिकडे उभा राहिला म्हणून बरोबर, आणि एक इकडे येऊन उभा राहिला म्हणूनही बरोबर. हा जमाखर्च कुठल्या खात्यात घालायचा ते मला कळेना.

त्याच सिडनीच्या सामन्यात राष्ट्रगीताच्या वेळी सिराजच्या डोळ्यांतून पाणी आलेलं कन्येनं पाहिलं होतं. “बाबा, तो का रडतोय?”

मी सांगितलं, की त्याचे वडील हैदराबादला रिक्षा चालवायचे. नोव्हेंबरात ते गेले, तेव्हा हा ऑस्ट्रेलियात होता. बोर्डानं परत जातोस का विचारलं, तो थांबला. मुलानं देशाकडून खेळावं ही वडिलांची इच्छा होती.

“आणि मी झाले तेव्हा तुम्ही दौऱ्यावर होता ना?”

“क्लोजिंगला होतो.” मी रजई सारखी केली. “जाता येणं शक्यच नव्हतं.”

“तुमचे मॅनेजर ‘जा’ म्हणाले होते,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “तेही सांगा की तिला.”

बायकांची स्मरणशक्ती ही बँकेच्या ऑडिटसारखी असते. बारा वर्षं काही विचारत नाही, आणि एके दिवशी नेमकं तेच व्हाउचर मागते.

तर वाचकहो, आता खरं सांगतो. मॅनेजर ‘जा’ म्हणाले होते. तीनदा म्हणाले होते. शेजारच्या शाखेतून एक मुलगा मदतीला आलेला होता आणि माझं टेबल सांभाळायला तयार होता. मला कुणीही अडवलेलं नव्हतं. अठरा रुपयांचा फरक त्या मुलानंच रात्री साडेआठला शोधून काढला. चूक माझ्याच हातची होती. त्यानंतर मी निघू शकलो असतो. पण पुरी-भाजी मागवलेली होती आणि ‘काय माणूस आहे! घरी बाळंतपण, आणि हा इथं!’ असं चौघे-पाच जण म्हणत होते. ते ऐकायला मी थांबलो. सिराज वडिलांसाठी थांबला, गावसकर ४०३ साठी. मी पुरी-भाजीसाठी थांबलो आणि त्याला कर्तव्य म्हणालो.

थांबणं मोठं की जाणं मोठं, हा वाद आम्ही महिनाभर घातला. तो प्रश्नच चुकीचा मांडला होता. कशासाठी थांबलास आणि कशासाठी गेलास, एवढंच विचारायला हवं होतं. आणि त्याच्याही आधी एक प्रश्न होता, तो कप उचलणाऱ्या पोरानं विचारला होता. तुला जाता येत होतं का?

म्हणजे असं बघा. त्याच संघात नटराजन होता. तमिळनाडूतल्या खेड्यातला, गरिबीतून वर आलेला. आयपीएल चालू असतानाच त्याला मुलगी झाली. तो तिकडूनच ऑस्ट्रेलियाला गेला, तो सरावाला चेंडू टाकणारा म्हणून. एकेक जण जायबंदी होत गेला आणि हा आत येत गेला. ब्रिस्बेनला कसोटीही खेळला. मुलीला पाहिलं ते घरी परतल्यावर. आमच्यात त्याला कुणी स्वार्थी म्हणालं नाही आणि कुणी त्यागीही म्हणालं नाही, कारण त्यानं सुटी मागावी हे आमच्या डोक्यातच आलं नाही. ज्याची जागा पक्की, त्याचं जाणं हक्क ठरतं आणि थांबणं त्याग. ज्याची जागाच पक्की नाही, त्याचं थांबणं म्हणजे नुसती हजेरी.

मला आठवलं. त्याच वर्षी आमच्या त्या पोराचे वडील वारले, तेव्हा तो चौथ्या दिवशी कामावर आला होता. डोकं भादरलेलं. आम्ही सगळे म्हणालो होतो, “याला म्हणतात निष्ठा!” त्याला निष्ठा म्हणत नाहीत. त्याला खाडा म्हणतात. दिवस भरला नाही की त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि चार दिवस बदली पोरगा आला नि तो साहेबांना आवडला, तर जागाही नाही. आमची बदलीची भीती लटकी होती, त्याची खरी.

१९ जानेवारीला ब्रिस्बेनचा शेवटचा दिवस. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर हरलेली नव्हती. मालिकेत आपले वीस गडी खेळून झालेले. पहिल्या डावात पालघरचा शार्दूल ठाकूर आणि पहिलीच कसोटी खेळणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागी केली होती. दुसऱ्या डावात सिराजनं पाच बळी घेतले होते. जिंकायला हव्या होत्या ३२८. लंच अवरच्या जरा आधी पंतनं चौकार मारला आणि आमच्या शाखेत मास्कच्या आतून जो आवाज निघाला, त्यानं तिजोरी उघडली नाही एवढंच.

पोरगा मात्र दाराशी मोबाईल कानाला लावून उभा होता. बायकोला ग्रामीण रुग्णालयात नेलेलं.

“अरे, मग जा ना!” मी म्हणालो.

“आई आहे तिच्याजवळ. संध्याकाळी जातो. खाडा पडतो, साहेब.”

तीनदा ‘जा’ म्हटलेला एक माणूस मला आठवला. आणि ‘जा’ म्हणणं किती फुकटचं असतं, तेही कळलं. मी हेडकॅशियरकडे गेलो. ‘सुनील’चा तो भक्त काही बोलला नाही. त्यानं खिशातून पाचशेची नोट काढली, सवयीनं उजेडात धरून पाहिली आणि टेबलावर ठेवली. मॅनेजरसाहेबांनी भर घातली, शेतकी अधिकाऱ्यानं घातली. चार दिवसांच्या रोजाची बेगमी झाली. बदली पोरगा मागवायचा नाही असं ठरलं. मग त्याचं काम कोण करणार? चार दिवस मी करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याचा जग आणि व्हाउचरांचा गठ्ठा घेऊन शाखेत फिरत होतो. मास्कमुळे ओळख पटायची सोय नव्हती. ज्यांच्या कर्जाचे कागद मी इतकी वर्षं पाहतो आहे, ते द्राक्षबागायतदार मामा म्हणाले, “ए भाऊ, गार पाणी आण जरा. नवीन लागला का?”

“बदली आहे,” मी म्हणालो.

त्याला मुलगा झाला. पाचव्या दिवशी पेढे घेऊन हजर. त्याची जागा अजून पक्की झालेली नाही. आम्ही दोनदा वरती लिहिलं आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत. तेव्हा चार दिवस पाणी भरून मी फार मोठं काही केलं, असा माझा दावा नाही.

त्या चार दिवसांत माझ्या टेबलावर शेतकी अधिकारी बसला होता. ‘आपलं काही अडलं नाही ना?’ असं मी त्याला काळजीनं विचारलं.

“छे! चारही दिवस टॅली पहिल्या फटक्यात जुळली,” तो म्हणाला.

घरी आल्यावर कन्येला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग बाबा, ३१ मार्चला माझ्या वाढदिवसाला तुम्ही घरी थांबू शकता.”