हे बरं, की हे?

माणसाला चाळिशी दोनदा लागते. एकदा जन्मतारखेच्या हिशेबाने आणि एकदा नाकावर. पहिली चारचौघांत लपवता येते; दुसरी लपवायला गेलं तर चहात साखरेऐवजी मीठ पडतं. चष्म्याला सरळ वयाचंच नाव देऊन टाकणाऱ्या मराठी भाषेचा हा परखडपणा मी मानतो.

मला ही नाकावरची चाळिशी चव्वेचाळिसाव्या वर्षी लागली, म्हणजे चार वर्षांच्या थकबाकीसह. बँकेच्या खिडकीत बसून स्लिपवरचा आकडा तीन आहे की आठ, हे ठरवायला मी स्लिप लांब धरू लागलो होतो. एके दिवशी ती इतकी लांब गेली, की खिडकीपलीकडच्या गिऱ्हाइकाला वाटलं, साहेब परत देताहेत. त्याने ती घेतली आणि वर "काय चुकलं?" म्हणून विचारलं. त्याच संध्याकाळी मी खामगावातल्या एका चष्म्याच्या दुकानात शिरलो.

डोळे तपासायचा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. हॉलंडातल्या उट्रेख्टचे डॉक्टर हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली तो तक्ता तयार केला, तेव्हा खामगावातल्या गाळ्यांची लांबी त्यांनी विचारात घेतली नव्हती. गाळा निम्म्याच लांबीचा. म्हणून तक्ता माझ्या डोक्यामागे टांगलेला आणि समोर आरसा. मागची अक्षरं पुढे बघून वाचायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस एरवी तरी दुसरं काय करतो?

तपासणारी मुलगी माझ्या मुलीहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल. पुण्याला चार वर्षं शिकून ऑप्टोमेट्रिस्ट होऊन आलेली. तिने माझ्या नाकावर एक सांगाडा चढवला, त्यात भिंगं सरकवली आणि विचारलं, "काका, हे बरं, की हे?"

मी गप्प. बावीस वर्षांच्या नोकरीत मला "कधी होईल?", "का होत नाही?" आणि "तुमचे साहेब कुठे आहेत?" एवढे तीनच प्रश्न विचारले गेले होते. मला काय बरं वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. सौ. साड्यांच्या दुकानात विचारते, पण ते उत्तर ऐकण्यासाठी नसतं. मी घाबरून म्हणालो, "पहिलं... नाही, दुसरं... यातलं बरोबर उत्तर कोणतं?"

ती हसली. "यात पास-नापास नसतं, काका. दिसतं तेच सांगायचं. आता आपण सिलिंडरचा नंबर बघू." सिलिंडर म्हटल्यावर मला गॅसचं बुकिंग आठवलं, पण तो डोळ्यातही असतो म्हणे. "यात शेवटी दोन्ही सारखीच अंधुक दिसली पाहिजेत," ती म्हणाली. "तसं झालं की समजायचं, नंबर जमला."

घरी येताना मी ठरवून टाकलं. आपण हेच शिकायचं.

जेवताना मी हा निर्णय जाहीर केला. सौ.ने भाकरी तव्यावर उलटली आणि "भाजी वाढू का?" असं विचारलं. मी माहिती काढली. बी. ऑप्टोमचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयातल्या कामाचं. २०२१ साली संसदेने केलेल्या कायद्यामुळे या मंडळींना आरोग्य व्यवसायात रीतसर जागाही मिळाली आहे. सगळं उत्तम. फक्त प्रवेशाला बारावी विज्ञान लागतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित. मी बी.कॉम. माझ्या आयुष्यात जीवशास्त्र आलं ते फक्त मुलीच्या वह्यांना कव्हरं घालताना.

"मग बाबा, माझ्याबरोबर बारावी द्या ना," अकरावी सायन्सची मुलगी म्हणाली. मुक्त विद्यालयातून कोणत्याही वयात बसता येतं, हेही तिनेच शोधलं. सौ.ने हिशेब केला. दोन वर्षं बारावीची, चार वर्षं पदवीची. चव्वेचाळीस अधिक सहा, पन्नास. "म्हणजे तुम्ही लोकांचे डोळे तपासायला लागाल, तेव्हा तुमच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला असेल." बी.कॉम. मी आहे, पण ताळेबंद तिला जमतो.

मी माझे साक्षीदार काढले. स्पिनोझासारखा तत्त्ववेत्ता भिंगं घासून पोट भरत होता. (हा साक्षीदार जरा उलटला. तो चव्वेचाळिसाव्या वर्षी भिंगं घासून, ग्रंथ लिहून, मरूनसुद्धा मोकळा झाला होता.) आपल्या विदर्भातले बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत होते, ती सोडून कलकत्त्याला कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करून आले. मदुराईचे डॉक्टर व्यंकटस्वामी यांना बाळंतपणं करायची होती. संधिवाताने बोटं वाकडी झाली म्हणून ते डोळ्यांकडे वळले, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९७६ साली त्यांनी ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. त्याच वर्षी आपल्या सरकारने अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

"त्यांना प्रेरणा झाली होती," सौ. म्हणाली. "तुम्हाला काय झालंय?"

वाचकहो, मी ते सांगायचं टाळत आलो आहे.

आमचा जिल्हा तसा नजरेच्या परीक्षेचाच. लोणारचं सरोवर हजारो माणसं पाहत आली. पण ते ज्वालामुखीमुळे झालेलं नाही, आकाशातून पडलेल्या उल्केने झालेलं आहे, हे पक्कं व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पहिल्यांदा पाहणाऱ्याने आधी आपला चष्मा पुसला असणार. दिसणं निराळं आणि कळणं निराळं. त्या सरोवरापुढे मला हे सहज पटतं. खिडकीत बसल्यावर पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, मोताळ्याकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी पैसे काढायला आली. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेली. अंगठा लावायला तयार नसे. सहीचा तिला अभिमान. मी स्लिपवरची सही नमुन्याशी ताडून पाहिली. नमुन्यातली सही शाळेच्या रांगेसारखी सरळ; स्लिपवरची सही जत्रेतल्या गर्दीसारखी. एक अक्षर रेघेवर, दुसरं रेघेखाली, तिसरं कागदाच्या काठावरून डोकावणारं. मी म्हणालो, "आजी, सही जुळत नाही. नीट करून आणा."

ती दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "सही बदलली असंन बापू, मी तं तेच हावो."

हे वाक्य मी चहाच्या वेळी सगळ्यांना विनोद म्हणून सांगितलं. लोक हसले. मीही हसलो.

नवीन नमुना सही घेता आली असती. साक्षीदारासमोर अंगठा घेता आला असता. अधिकाऱ्यापर्यंत तिला हात धरून नेता आलं असतं. नियमांत सगळ्याची सोय आहे आणि मला ती पाठ आहे. पण खिडकीपुढे पंचवीस माणसं उभी होती आणि 'सही जुळत नाही' हे वाक्य सगळ्यांत आखूड होतं.

ती चौथ्यांदा आली नाही. काही महिन्यांनी मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन खातं बंद करायला आला. कागद पुढे सरकवताना तो सहज बोलून गेला, "मायले दोन्ही डोयांत मोतीबिंदू होता. पण सही कराचा लय नाद."

ती माझ्यामुळे गेली नाही; वय झालं होतं. पण एसटीच्या तीन फेऱ्या माझ्यामुळे झाल्या आणि ती दिवाळी माझ्यामुळे तशीच गेली. मी सही तपासली. डोळे तपासले नाहीत. एवढीच ही गोष्ट. मला काय झालंय, त्याचं उत्तर हे.

हे मी आमच्या हेडकॅशिअरना सांगितलं. भला माणूस. म्हणाले, "अरे, गीतेत काय सांगितलंय? आपलं काम आपण नीट करावं, दुसऱ्याचं कितीही चांगलं दिसलं तरी. आहेस तिथेच माणसांकडे बघ. त्याला कॉलेज कशाला?" मला ते इतकं ताबडतोब पटलं, की त्याचाच संशय आला. जो उपदेश ऐकून एक पैसाही खर्च होत नाही आणि भौतिकशास्त्रही वाचावं लागत नाही, त्याची सही दोनदा तपासावी. समाधान आणि आळस यांच्या सह्या फार सारख्या असतात. आहे तिथेच सेवा करण्याचा निश्चय मी बावीस वर्षांत दर एक एप्रिलला केलेला आहे.

मग कॉलेजात जाणं तरी खरं का? रात्री विचार केल्यावर तीही सही जुळेना. कर्ज एका बँकेचं आणि हप्ता दुसऱ्या बँकेत भरायचा, असला हा प्रकार. देणं मी या खिडकीवर केलं. सहा वर्षांनी कुठल्यातरी परक्या गावात परक्या म्हातारीला चष्मा दिला, तर ते या म्हातारीच्या खात्यात कसं जमा होणार? शिवाय खिडकी सुटेल, पंचवीस माणसांची रांग सुटेल, अंगावर पांढरा कोट येईल. पश्चात्तापाला बढतीची जोड मिळाली, की तो पश्चात्ताप राहतो का?

आणि तिचं खातं तर मी स्वतःच्या हातांनी बंद केलेलं. आता फेडायचं कोणाला?

बँकेत एक 'संड्री' नावाचं खातं असतं. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती तिथे जमा करून ठेवतात. त्याचा नियम असा, की रक्कम तिथे फार दिवस पडू द्यायची नाही, तपासनीस विचारतो. मला वाटतं, माणसाची असली देणी याच खात्यातली. मूळ धन्याला ती परत जात नाहीत, पण म्हणून ती आपली होत नाहीत. कोणाला तरी द्यावी लागतात, आणि वेळेत.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. दोन्ही लहान. खिडकीवर एक जादा चाळिशी दोरीने बांधून ठेवली; पेनाला दोरी असते, तशी. सही वाकडी दिसली की मी आधी चष्मा पुढे करतो आणि विचारतो, "हे बरं, की आधीचं?" ज्यांना चष्म्यानेही दिसत नाही, त्यांना चिठ्ठीवर सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागाचा वार लिहून देतो आणि पैसे अंगठ्यावर देतो. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी चष्मा चढवून पासबुकातली शिल्लक वाचली, काढून ठेवला आणि म्हणाले, "आधीचंच बरं होतं."

दुसरी गोष्ट म्हणजे मुक्त विद्यालयाचा अर्ज आणला. भरला आहे. सहीसुद्धा केली आहे. पाठवायचा आहे.

खिडकी बरी, की कॉलेज? रोज रात्री मी दोन्ही भिंगं आलटून पालटून लावून बघतो. एकात आळस दिसतो, दुसऱ्यात पळ काढणं दिसतं; दोन्ही सारखीच अंधुक. त्या दुकानातल्या मुलीच्या शास्त्राप्रमाणे आता भिंगं बदलत बसायचं काम संपलं. पुढे फक्त वाचायचं.

वाचतो आहे. सध्या प्रकाशाचं प्रकरण चालू आहे. काल मी भिंगातून जाणाऱ्या किरणांची आकृती काढून मुलीला दाखवली. ती म्हणाली, "बाबा, तुमची प्रतिमा उलटी आलीय."

मी चष्मा लावून पुन्हा बघितलं. "अगं, डोळ्यात ती उलटीच पडते," मी म्हणालो. "पुढच्याच पानावर आहे."