आपोआप उपसले जाणारे पाणी

शिडाच्या होडीलाही आता बहुधा लहानसे इंजिन असते. इंजिन होडीच्या पोटात आणि त्याचा पंखा बाहेर पाण्यात. या दोहोंना जोडणारा शाफ्ट तळातून बाहेर काढायचा म्हणजे होडीला जाणूनबुजून एक भोक पाडणे आले. फिरत्या शाफ्टभोवतीचे भोक कायमचे बुजवता येत नाही. ते केवळ आवरता येते. जुनी पद्धत ग्लँडची. शाफ्टभोवती चरबीत मुरवलेल्या दोरीचे वेढे बसवायचे आणि वरून नट आवळायचा. किती आवळायचा, यातच सारे कसब आहे. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब आत ठिबकलेच पाहिजेत, कारण तेच पाणी शाफ्टला थंड ठेवते. थेंबही नको म्हणून जो पाना घेऊन नट करकचून आवळतो, त्याचा ग्लँड तापतो, दोरी करपते, शाफ्टला चरे पडतात आणि मग कितीही आवळले तरी पाणी थांबत नाही. अलीकडच्या सीलमध्ये रबरी भाता कार्बनचे कडे पोलादी कड्यावर दाबून धरतो. त्यातून थेंबही येत नाही. पण रबर जुने होऊन फाटले तर थेंबाऐवजी धार लागते.

म्हणजे गळती असणे हा प्रत्येक वेळी दोष नव्हे. दोष कोठून सुरू होतो, हा खरा प्रश्न आहे, आणि तो केवळ होडीपुरता नाही.

ठिबकलेले पाणी तळाच्या सखल खळग्यात जमते. तेथे विजेचा पंप आणि त्याला जोडलेला तरंगता स्विच असतो. पाणी चढले की तरंगा उचलला जातो व पंप सुरू होतो. पाणी उतरले की तो थांबतो. मालक घरी निजलेला असतो आणि धक्क्याला बांधलेली होडी स्वतःची काळजी स्वतः घेते. ही सोय मोठी आहे. तिला नाके मुरडण्यात शहाणपण नाही. परंतु हा पंप पाण्याबरोबर पाण्याची वार्ताही बाहेर टाकतो. कालपर्यंत दिवसाला एक घागर येणारे पाणी आज दहा घागरी येऊ लागले, तरी तळ कोरडाच दिसतो. अंगावर काढलेल्या दुखण्याचे असेच असते. वेदना शमवणारी गोळी आपले काम चोख करते, आणि म्हणूनच घात होतो.

मग एके दिवशी तरंग्याखाली तेलकट गाळ किंवा चिंधी अडकते. तरंगा वरच राहिला तर पंप कोरडा फिरून बॅटरी संपवतो. दबून राहिला तर सुरूच होत नाही. दोष शोधण्याची रीत सोपी आहे. तरंगा हाताने उचलावा. पंप फिरला तर स्विच व वायर ठीक, अडथळा गाळाचा. न फिरला तर स्विच वगळून पंपाला थेट वीज द्यावी. आता फिरला तर स्विच किंवा खाऱ्या हवेने हिरवे पडलेले त्याचे सांधे दोषी, एरवी फ्यूज तरी किंवा पंप तरी. पंप फिरतो पण पाणी जात नाही, तर जाळी तुंबलेली. नवा स्विच बसतो, पंप घुमू लागतो आणि माणूस हात झटकून मोकळा होतो. पंपाला इतके काम का पडत होते, हे त्याने विचारलेलेच नसते. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी आत येते. लहान पंपाला ते पेलत नाही.

हाताने पाणी उपसणाऱ्याला पाणी वाढल्याचे खांदे सांगतात. १९६८ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटा, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तो ‘सुहेली’ या मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी सागवानी होडीतून. अटलांटिकमध्ये तळाच्या फटींतून येणारे पाणी वाढल्याचे त्याला कळले. त्याने पाण्याखाली बुडी मारून फटीत कापूस ठोकला आणि पुढे गेला. २२ एप्रिल १९६९ रोजी तो परतला.

मग कळणे पुरेसे आहे काय? त्याच स्पर्धेत डोनाल्ड क्रोहर्स्ट होता. त्याच्या होडीची झाकणे गळत होती, पाणी काढण्याचा पाइप किनाऱ्यावरच राहिला होता आणि तो बादलीने उपसत होता. त्याच्याइतकी स्वतःच्या गळतीची जाण क्वचितच कोणाला असेल. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्याने एकेक दोष प्रामाणिकपणे लिहून काढला. पण परतला असता तर कर्ज अंगावर कोसळणार होते. डिसेंबरपासून तो रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवू लागला. जुलै १९६९ मध्ये त्याची होडी अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे ५,००० पौंड त्याच्या कुटुंबाला दिले.

क्रोहर्स्टला दोष देणे सोपे आहे. मला तो आपल्यापैकीच एक वाटतो. बायकोमुलांना घराचा तळ कोरडा दाखवून रात्री एकट्याने उपसत राहणारे कर्ते पुरुष आपण पाहिलेले आहेत. त्यांना आपण सोशीक म्हणतो. त्या सोशीकपणात प्रेम असते हे मी नाकारत नाही, पण त्यात आपल्याच माणसांवरचा अविश्वासही असतो.

पंप किती वेळा चालू झाला हे मोजणारा लहानसा गणक आता मिळतो. पंपाखेरीज वेगळ्या तारेवर, पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की वाजणारी घंटाही मिळते. दोन्ही स्वस्त आहेत. घंटा सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी बसवावी की इंजिनाच्या झाकणाखाली, हे मात्र मालकालाच ठरवावे लागते.